ओसरीतलं उत्तर

बोरजाई हे मावळातलं गाव. कामशेत स्टेशनावर उतरून बेडशाच्या लेण्यांच्या रोखानं चालायला लागलं आणि वाट चुकली, की ते लागतं. गावची शाळा जुन्या धर्मशाळेत भरे. सन १९३४ साली या शाळेत छत्तीस मुलं, एक मास्तर आणि एक खोली होती. खोलीत बावीस मुलं मावत. उरलेली चौदा कुठं बसवायची हा प्रश्न बुद्धिमत्तेच्या तत्त्वावर सोडवण्यात आला होता. हुशार मुलं आत, कच्ची मुलं ओसरीत, आणि ज्यांच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही ती ओसरीपुढच्या उंबराखाली. कोण हुशार आणि कोण कच्चं हे मात्र जूनच्या पहिल्या दिवशी, मुलं यायच्या आधीच ठरवावं लागे. कारण तरटं आधी अंथरावी लागत.

हे ठरवण्याचं काम महिपती मास्तर करीत. त्यांना अकरा वर्षांचा अनुभव होता आणि त्या अनुभवाच्या जोरावर ते मूल न पाहता त्याची बुद्धी सांगू शकत. घरावर मंगलोरी कौलं दिसली की त्या घरातल्या पोराला गणित येणार. गवताचं छप्पर असलं की भाषा कच्ची. आणि घर गावकुसाबाहेर असलं तर तिथवर जायची गरजच नसे. उंबराखाली बसणारा महारवाड्यातला गेणू, त्याच्याबद्दलचं मत मास्तरांनी चावडीत बसूनच बनवलं होतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना वरच्या कचेरीतून अपेक्षा-पत्रक आलं. हा एक छापील तक्ता होता. पहिल्या रकान्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात अपेक्षित गुण, तिसऱ्यात प्रत्यक्ष मिळालेले गुण आणि चौथ्यात तफावतीचा खुलासा. दुसरा रकाना जूनमध्ये भरायचा, तिसरा दिवाळीच्या चाचणीनंतर. सोबतच्या हुकुमात म्हटलं होतं की, चांगला मास्तर आपल्या मुलांना पुरता ओळखतो. सबब ज्या मास्तरच्या दोन रकान्यांत तीन वर्षं लागोपाठ तफावत आढळणार नाही, त्याला मागेल त्या गावी बदली देण्यात येईल.

महिपती मास्तरांना लोणावळा पाहिजे होतं. बोरजाईला पावसाळ्याचे चार महिने ओढा आडवा येई आणि बाकीचे आठ महिने गाव आडवं येई. लोणावळ्याला चहाच्या दुकानात मास्तर आला की लोक सरकून बसायला जागा देतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

पहिली दोन वर्षं तफावत शून्य आली. मास्तरांची पद्धत साधी होती. प्रश्न विचारला की ते ओठांतल्या ओठांत आकडे मोजत आणि ज्याची जेवढी अपेक्षा, तेवढे आकडे होईपर्यंत थांबत. अंबाजी पाटलांच्या हौशीरामची अपेक्षा ब्याण्णव होती. त्याच्यासाठी ते ब्याण्णवपर्यंत सावकाश मोजत, मधे उत्तराचं पहिलं अक्षर सुचवत, मग दुसरं, आणि शेवटचं अक्षर सगळा वर्ग मिळून म्हणे. उम्मेहानीची अपेक्षा आठ होती. तिच्यासाठी आठपर्यंत. गेणूच्या नावापुढं नुसती आडवी रेघ होती; शून्य लिहिलं असतं तर त्याची परीक्षा घ्यावी लागली असती.

उम्मेहानी ही नूरमहंमद पिंजाऱ्याची मुलगी, बारा वर्षांची, चौथीत. तिला आठ देण्यामागं शास्त्र होतं. पिंजाऱ्याच्या घरी दिवसभर कापूस उडतो. त्यामुळं डोक्यात काही ठरत नाही. शिवाय ती मुलगी होती. शिवाय ती मागल्या वर्षीही ओसरीतच बसली होती. सात दिले असते तर क्रूरपणा झाला असता, आणि महिपती मास्तर क्रूर नव्हते.

ओसरीतून फळा दिसत नसे. त्यामुळं उम्मेहानी खिडकीच्या गजाला कान लावून ऐके आणि ऐकलेलं विसरत नसे, कारण पुन्हा बघायला फळा नव्हता. हौशीरामसाठी मास्तर ब्याण्णवपर्यंत मोजत तेवढ्या अवधीत ती त्या प्रश्नाचं उत्तर काढून, पडताळून, शेजारच्या पोरीला सांगून, शिवाय उंबराखालच्या गेणूला ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा एकदा म्हणे. मास्तर जितका वेळ हौशीरामवर घालवीत तितकी ओसरी हुशार होत होती. हा दोष कचेरीच्या ध्यानात आला नव्हता.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी चाचणी झाली, ती पहिल्यांदाच लेखी. मास्तरांनी पेपर तपासले आणि त्यांना दरदरून घाम सुटला. उम्मेहानीला ब्याण्णव गुण पडले होते. हौशीरामला आठ.

रीतसर चौकशी सुरू झाली. मुलीनं कुणाचं तरी बघून लिहिलं असणार हे उघड होतं. पण कुणाचं, ते सापडेना. एवढी बरोबर उत्तरं दुसऱ्या कुणाच्याच पेपरात नव्हती. मास्तरांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि चाचणी पुन्हा घेतली. ब्याण्णव. पाटी काढून घेतली आणि तोंडी विचारलं. ब्याण्णव. शेवटी त्यांनी एक प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर त्यांना स्वतःलाच येत नव्हतं. तिनं उत्तर दिलं आणि ते बरोबर आहे की नाही हे कळायला मास्तरांना वडगावला माणूस पाठवावा लागला. बरोबर निघालं.

"मास्तर," उम्मेहानी म्हणाली, "माझं आठ कुनी ठरवलं?"

"ठरवलं नाही गं. लिहिलंय."

"मंग खोडा की."

"शाईनं लिहिलंय," मास्तर म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

 ती म्हणाली, "पुढल्या साली तरी पेन्सिलीनं ल्ह्या."

पण पुढलं साल बोरजाईत नव्हतंच. शाळा चौथीपर्यंत होती. त्या वर्षी कचेरीनं जाहीर केलं होतं की प्रत्येक शाळेतून एकच नाव लोणावळ्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला पाठवावं. पास होणाऱ्याला तिथल्या शाळेत पाचवीपासून सातवीपर्यंत शिकता येईल. सातवी झालं की मास्तरीण होता येतं हे उम्मेहानीला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिनं ते मनावर घेतलं होतं. लोणावळ्यात बाजाराच्या मागं तिची फुफू, म्हणजे आत्या, रशिदा राहत होती. राहायची सोय होती. अडत होतं ते एका नावावर.

एके दिवशी नूरमहंमद स्वतः शाळेत आला. तो खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण घेऊन गावोगाव गाद्या भरत हिंडे आणि लोणावळ्याच्या बंगल्यांत हंगामाच्या आधी त्याला बोलावणं येई. शाळेच्या पायरीवर पिंजण टेकवून तो खालीच उभा राहिला.

"पोरगी म्हनती लोणावळ्याला जाती. तिची आई आमिना म्हनती आता पुरं, कापूस पिंजाया हातभार लागंल," तो म्हणाला. "मला त्यातलं कळत न्हाई. तुमी सांगाल तसं, मास्तर. डोकं हाय का तिला?"

मास्तरांनी अपेक्षा-पत्रक आणून त्याच्यापुढं धरलं आणि आठावर बोट ठेवलं. नूरमहंमदला वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखता येत होते.

"शंभरात आठ म्हंजी लय कमी व्हय?"

"छे. तिच्या मानानं पैकीच्या पैकी आहेत."

नूरमहंमदला बरं वाटलं. मुलगी तिच्या मानानं शेवटाला पोचली म्हणून तो समाधानानं परत गेला आणि घरी त्यानं तसं सांगितलं. त्या रात्री उम्मेहानी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती ओसरीत नेहमीपेक्षा खिडकीच्या जवळ बसली.

इकडं मास्तर तफावतीच्या खुलाशाला बसले होते. तीन दिवस चौथा रकाना कोरा राहिला आणि चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अपेक्षा काय होती? एक ब्याण्णव आणि एक आठ. मिळाले काय? एक ब्याण्णव आणि एक आठ. शाळेला अपेक्षेपेक्षा एकही गुण कमी-जास्त मिळालेला नव्हता. फक्त गुण चुकीच्या पत्त्यावर पडले होते. टपालात हे रोज होतं. पाटलाचं पाकीट पिंजाऱ्याच्या दारात पडलं म्हणून ते पिंजाऱ्याचं होत नाही; ते उचलून पाटलाच्या घरी पोचवायचं असतं. मास्तरांनी ब्याण्णव उचलून हौशीरामच्या ओळीत पोचवले, आठ परत आणून उम्मेहानीच्या ओळीत ठेवले आणि खुलाशाच्या रकान्यात लिहिलं: तफावत नाही.

या कामी हौशीरामनं मात्र अडथळा आणला. तो प्रामाणिक मुलगा होता. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, मला कायबी येत न्हाई. ते समदं उमीचं हाय."

मास्तरांना भरून आलं. इतकी नम्रता ढ मुलात असूच शकत नाही, असं त्यांनी वर्गाला समजावून सांगितलं. पाटलांना निरोप गेला. पाटलांनी मुलाला पेढा दिला आणि पुन्हा असं बोललास तर तंगडं मोडीन म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. ते कामशेतपासून बैलगाडीनं आले आणि हादऱ्यांनी अर्धमेले झाले होते. शेरा त्यांनी पुण्याहूनच लिहून आणला होता. खेड्यातल्या शाळांत टेबल नसतं, त्यामुळं अक्षर बिघडतं. शेऱ्यात 'चुणचुणीत मुलगा' हे शब्द होते आणि त्यापुढं नावासाठी जागा सोडली होती. ती भरण्यापुरती तपासणी करायची होती.

मास्तरांनी हौशीरामला उभं केलं. साहेबांनी विचारलं, "तेरा दिडे?"

हौशीराम छताकडं पाहू लागला. मास्तर मोजू लागले. ते एकोणिसावर पोचले तेव्हा खिडकीतून आवाज आला, "साडेएकोणीस."

"इंद्रायणी कोणत्या नदीस मिळते?"

"भीमेला," खिडकी म्हणाली. "तुळापुरापाशी."

साहेबांनी चष्मा पुसला. "उत्तर कोण देतंय?"

प्रसंग बाका होता. तीन वर्षांची शून्य तफावत, लोणावळा आणि चहाच्या दुकानातली जागा, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन टेकलं होतं. पण इतक्या वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

"हौशीरामच देतोय, साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "खोलीत जागा कमी आहे. म्हणून त्याचं उत्तर आम्ही ओसरीत ठेवलंय."

दिपोटी साहेबांनी खोली पाहिली. जागा खरोखरच कमी होती. त्यांनी खिडकीबाहेर डोकावून पाहिलं तर तिथं विटक्या ओढणीतली एक मुलगी बसली होती, आणि ती मुलगी काही चुणचुणीत मुलगा नव्हती. मुलगा समोर उभा होता. त्याच्या अंगात कोट होता. साहेबांनी रिकाम्या जागेत हौशीरामचं नाव लिहिलं आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'शाळेस आणखी एका खोलीची आवश्यकता आहे.'

तेच नाव शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गेलं. आता पुढची अडचण उभी राहिली. परीक्षा लोणावळ्यात होती आणि हौशीराम एकटाच लोणावळ्याला गेला असता तर त्याचं उत्तर बोरजाईत राहिलं असतं. मास्तरांनी परीक्षेच्या पर्यवेक्षकांना रीतसर अर्ज लिहिला: 'सदर उमेदवाराचे उत्तर हे जागेअभावी प्रथमपासून ओसरीत वाढले असल्याने त्यास आत बसण्याची सवय नाही. तरी परीक्षेचे दिवशी उमेदवारास खोलीत व उत्तरास ओसरीत, खिडकीनजीक, बसू देण्याची मेहेरबानी व्हावी.'

उम्मेहानीला विचारायला मास्तर स्वतः पिंजाऱ्याच्या घरी गेले. त्यांनी सांगितलं की हौशीराम पास झाला की त्याला लोणावळ्याच्या शाळेत घेतील, आणि तो गेला म्हणजे त्याचं उत्तरही बरोबर जाणारच. त्याशिवाय तो तिथं करणार काय? ती विचार करू लागली. मास्तर सवयीनं मोजू लागले. ती आठाच्या आत बोलली.

"त्या शाळंला ओसरी हाय?"

"मोठी आहे. दगडी."

"खिडकी?"

"चार."

"येते," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी तिघंजण गाडीनं लोणावळ्याला गेले. उम्मेहानी गाडीत पहिल्यांदाच बसत होती. मास्तरांनी दोन तिकिटं काढली. उत्तराला तिकीट लागत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पण तिकीटतपासनिसानं तिला मुलगी समजून खाली उतरवायचा घाट घातला, तेव्हा नाइलाजानं तिसरं काढावं लागलं. त्या सबंध वर्षात तिला मुलगी समजणारा तो एकच सरकारी नोकर.

पर्यवेक्षकांनी अर्ज दोनदा वाचला. मग नियमांचं पुस्तक काढलं. उमेदवारानं पुस्तक आणू नये, कागद आणू नये, चहा आणू नये असं त्यात होतं. उत्तर आणू नये असं कुठंही नव्हतं. त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं.

तीन तास उम्मेहानी खिडकीशी बसून बोलली आणि आत हौशीरामनं लिहिलं. त्याला लिहिता उत्तम येत होतं. काय लिहायचं एवढंच येत नव्हतं. इतर मुलांच्या मास्तरांनी बाहेरून तक्रार केली. त्यांना मंजुरीचा कागद दाखवल्यावर ती त्यांनी मागं घेतली आणि पुढल्या वर्षीसाठी अर्जाचा नमुना उतरवून घेतला.

निकाल लागला. हौशीराम पहिला आला. गुण ब्याण्णव. कचेरीनं मास्तरांचं तीन वर्षांचं पत्रक तपासलं, कुठंही तफावत आढळली नाही, आणि महिपती मास्तरांची बदली लोणावळ्यास झाली. गावानं त्यांना नारळ दिला. पाटलांनी हौशीरामला नवे बूट घेतले.

जूनच्या पहिल्या दिवशी उम्मेहानी कपड्यांचं गाठोडं घेऊन कामशेत स्टेशनावर आली. सोबत नूरमहंमद होता. त्याला लोणावळ्यात एका बंगल्याच्या गाद्या भरायच्या होत्या, म्हणून तो तसाच जाणार होता. मास्तर हौशीरामला न्यायला आले होते. त्यांनी खिशातून कचेरीचा कागद काढला आणि तो तिच्यापुढं वाचला, कारण कागद वाचून दाखवायची त्यांना सवय होती. त्यात लिहिलं होतं की, शिष्यवृत्ती उमेदवाराच्या नावे मंजूर करण्यात आली असून सदर उत्तर हे फक्त परीक्षेपुरतेच मंजूर होते.

नूरमहंमदनं विचारलं, "म्हंजी काय, मास्तर?"

"म्हणजे तिचं काम झालं," मास्तर म्हणाले. "आणि छान झालं."

 उम्मेहानीनं गाठोडं बापाच्या हातात दिलं आणि त्याच्या खांद्यावरचं पिंजण उतरवून आपल्या खांद्यावर घेतलं. गाडी आली तेव्हा दोघं शेवटच्या डब्यात चढले.

लोणावळ्याच्या शाळेत हौशीराम पहिल्या बाकावर बसला. प्रश्न विचारला की तो उभा राही, खिडकीकडं बघे आणि गप्प राही. तिथल्या मास्तरांनी त्याच्यासाठी ब्याण्णवपर्यंत थांबायची प्रथा महिपती मास्तरांकडून घेतली. हा मुलगा फार खोल विचार करतो असं सगळ्यांचं मत पडलं, आणि तेवढ्यावर तो सातवी झाला, पुढं शिकला. आता, सत्तावन्न साली, तो स्वतः दिपोटी आहे. माणूस अजून प्रामाणिक आहे. शाळा तपासायला गेला की तो मुलाला प्रश्न विचारतो आणि आधी ओसरीकडं बघतो. पण नव्या शाळांना ओसरी ठेवत नाहीत.

इकडं, हौशीराम पाचवीत असताना, उम्मेहानी बापाबरोबर लोणावळ्याचे बंगले हिंडली. एकदा शाळेच्या पलीकडच्या आवारात बसून ती कापूस पिंजत होती. पिंजणाची तात वाजत होती. आत महिपती मास्तर पाचवीला शिकवत होते, आणि एका प्रश्नावर सगळा वर्ग अडला होता. मास्तर मोजत होते. चाळीस झाले, पन्नास झाले. तेवढ्यात तातीचा आवाज थांबला आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं.

ते बरोबर होतं. वर्गात सगळ्यांनी माना वळवल्या. हौशीराम उठून खिडकीपाशी गेला. मास्तरांनी त्याला खाली बसायला सांगितलं, खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "कापूस आत येतो."

पुढं दोन वर्षांनी उम्मेहानीचं लग्न झालं. बोरजाईच्या शाळेत नवे मास्तर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आत कुणाला काही येत नाही, ओसरीतही नाही, आणि उत्तरं उंबराखालून येतात. त्यांनी वर कळवलं. कचेरीनं ताबडतोब दखल घेतली आणि उंबर तोडायची परवानगी दिली.

हे सगळं वाचून आपणांस महिपती मास्तरांचा राग आला असेल. तो येणं अपेक्षितच होतं. आपल्या नावापुढं तसं लिहूनच ठेवलं आहे, तेव्हा तफावत नाही. आता एकच प्रश्न राहिला. आपणांस ही गोष्ट अडखळल्याशिवाय वाचता आली, त्याअर्थी आपण आत बसला होता. तर मग आपल्या वर्गाच्या ओसरीत कोण बसत होतं, त्यातल्या एकाचं नाव सांगा.

सावकाश आठवा. आपल्याला आठ आकडे दिले आहेत. एक. दोन.